पोटातले आंबट पाणी काय सांगते?

छातीत जळजळ, करपट ढेकर, जेवल्यावर वरच्या पोटात जडपणा, पहाटे उपाशीपोटी कुरतडल्यासारखे दुखणे, या तक्रारी आपल्या घरांत नव्या नाहीत. पेरणी-कापणीच्या दिवसांत माणूस चहा-बिडीवर शेतात जातो, दुपारी ठेच्याशी भाकरी खातो, आणि पोट दुखले की चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पितो. ढेकर येते, बरे वाटते आणि दुखणे अंगावर काढले जाते. अशी वर्षे जातात. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, इंदूरला जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या, आणि घरात घबराट उडते.

ती तपासणी करताना डॉक्टर पोटातले पाणी नळीने ओढून घेतात आणि बहुतेक ठिकाणी ते बाटलीत जमा करून टाकून देतात. त्या पाण्यात रोगाची काही बातमी असते काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे. बातमी असते, आणि बरीच असते.

जठर दिवसाला सुमारे दीड ते दोन लिटर रस तयार करते. त्यात मिठाचे आम्ल (हायड्रोक्लोरिक आम्ल), पेप्सिन नावाचे पाचक द्रव्य आणि जठराच्या अस्तराला सांभाळणारा चिकट बुळबुळीत थर असतो. अन्नाबरोबर आत गेलेले बहुतेक जंतू या आम्लात मरतात. म्हणजे हे आंबट पाणी आपले शत्रू नव्हे. ज्याच्या पोटात ते मुळीच तयार होत नाही त्याला अधिक जपावे लागते, हे पुढे येईलच.

हा रस प्रत्यक्ष पाहायला कसा मिळाला त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ६ जून १८२२ रोजी अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली. हा कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हवणारा मजूर होता, आपल्याच कॅथोलिक पंथाचा. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम भरताना जठराला बाहेर उघडणारे एक भोक कायमचे राहिले. १८२५ सालापासून ब्यूमाँट त्या भोकातून दोऱ्याला बांधून मांसाचे, भाजीचे तुकडे आत सोडत, ठराविक वेळाने बाहेर काढून बघत, रस काढून बाटलीत ठेवत. अन्न जठरात नुसते दळले जात नाही, या रसाने विरघळते, हे त्यांनी १८३३ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले. तो माणूस रागावला, चिडला की रस बदलतो, अस्तराचा रंगही बदलतो, हेही त्यांनी नोंदवले. नवरा-बायकोचे भांडण झाले की जेवण पचत नाही असे आपल्याकडे म्हणतात, त्याला हा जुना पुरावा आहे.

सेंट मार्टिनला मात्र या प्रयोगांचा कंटाळा आला होता. तो पुढे कॅनडात परतला, संसार केला आणि १८८० साली वारला. डॉक्टरांनी प्रेत नेऊन पोट कापू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम काही दिवस ठेवले, कुजू दिले, आणि मग धर्मग्रामाच्या दफनभूमीत खोल खड्डा करून पुरले. विद्येचा मोठा लाभ झाला खरा, पण गरिबाच्या शरीरावर प्रयोग करताना त्याच्या मनाचा विचार झाला होता काय, हा प्रश्न राहतोच.

सगळ्यांच्या पोटाला भोक नसते. म्हणून पुढे नळी घालण्याची रीत आली. इंग्लंडचे डॉक्टर राईल यांनी १९२१ साली पातळ रबरी नळी वापरात आणली. आजही इस्पितळात नाकातून घालतात तिला राईलची नळीच म्हणतात. रोग्याला उपाशी ठेवायचे, पातळ पेज पाजायची, आणि दर १५ मिनिटांनी थोडा थोडा रस काढून त्यातले आम्ल मोजायचे, अशी अडीच-तीन तासांची ही परीक्षा असे. वाचकांतल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी ती करून घेतली असेल तर त्यांना तो त्रास आठवत असेल.

मग दुर्बिण आली. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स या शास्त्रज्ञांबरोबर काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते हे १९५४ साली प्रसिद्ध केले. ते वाचून हर्शोविट्झ या डॉक्टरांनी अमेरिकेत लवचिक दुर्बिण बनवली, आणि १९५७ साली रोग्याच्या आधी ती स्वतःच्या घशातून घातली. डोळ्यांनी जखम दिसू लागल्यावर रस मोजण्याची जुनी परीक्षा मागे पडली. हे स्वाभाविक होते, पण त्यात थोडे नुकसानही झाले. दुर्बिणीला वरची जखम, सूज, गाठ दिसते. अस्तरातून आम्ल पाझरते की नाही, हे नुसत्या बघण्याने नेहमी कळत नाही.

पाणी पाहून काय कळते

दुर्बिणीच्या वेळी रोग्याला डाव्या कुशीवर निजवतात. जठराच्या वरच्या फुग्यात पाणी साठलेले असते. डॉक्टर ते आधी ओढून घेतात, एक तर नीट दिसावे म्हणून, आणि दुसरे, ते उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. स्वच्छ, किंचित पांढुरके पाणी असेल तर ठीक. हिरवे-पिवळे असेल तर पित्त खालच्या आतड्यातून वर चढले आहे. कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट असेल तर कुठेतरी रक्त येऊन आम्लात करपले आहे. रात्रभर उपाशी असूनही आदल्या दिवशीचा भात-डाळ सापडला तर जठराचे खालचे दार अरुंद झाले आहे, किंवा जुन्या मधुमेहाने जठर आळसावले आहे. एवढे तर यंत्राशिवायच कळते.

पुढची पायरी म्हणजे त्या पाण्याचा सामू. माती परीक्षणाच्या कागदावर सामू असतो तो आपण वाचतोच. ७ म्हणजे ना आंबट ना खारे. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा बहुधा साडेसात-आठ. उपाशीपोटी निरोगी जठररसाचा सामू १ ते २ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाएवढा किंवा त्याहून आंबट. एक अंक चढला की आंबटपणा दहा पटींनी घटतो हे लक्षात ठेवावे. आता समजा, आम्ल कमी करणारी कोणतीही गोळी घेत नसलेल्या माणसाच्या पोटातल्या पाण्याचा सामू ५ किंवा ६ निघाला. याचा अर्थ आम्ल करणाऱ्या ग्रंथी झिजल्या असण्याचा संभव आहे. अशा झिजलेल्या अस्तरात पुढे काही जणांना कर्करोग होतो. शिवाय अशा माणसाला लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषता येत नाही, आणि रक्त कमी राहते. बाई फिकी दिसते, दम लागतो, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. अशा वेळी कारण कधी कधी पोटात असते.

जंतू आणि युरिया

आता शेतकऱ्याला चटकन समजेल अशी गोष्ट. ओल्या जमिनीवर युरिया टाकून तो मातीत मिसळला नाही, वर ऊन पडले, तर नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. मातीतल्या सूक्ष्म जीवांजवळ युरिएज नावाचे द्रव्य असते, ते युरिया फोडून अमोनिया आणि कर्बवायू करते. पैशाने घेतलेले खत असे हवेत उडून जाते. हे युरिएज १९२६ साली समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या अबईच्या जातीतल्या एका घेवड्याच्या पिठातून शुद्ध स्फटिकांच्या रूपात काढले. त्याला १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. समनरला लहानपणी शिकारीच्या अपघातात एक हात गमवावा लागला होता, तरी त्याने हे काम केले.

हेच द्रव्य हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या एका वळणदार जंतूजवळ भरपूर असते. जठरात रक्तातून थोडा युरिया नेहमी येतो. हा जंतू तो फोडून आपल्याभोवती अमोनियाचे कवच करतो, आणि ज्या आम्लात इतर जंतू मरतात तिथे तो बिनधास्त राहतो. जठराला सूज, जठर व त्यापुढच्या आतड्यातले व्रण, आणि थोड्या लोकांत जठराचा कर्करोग, यांच्या मुळाशी तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही हेही खरे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

हा जंतू सापडला तो ईस्टरच्या सुटीमुळे. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरन आणि मार्शल हे डॉक्टर दुर्बिणीतून काढलेले तुकडे काचेच्या बशीत ठेवून जंतू वाढतो का पाहत होते. दोन दिवसांत काही दिसले नाही की बशी फेकून देत. १९८२ सालच्या ईस्टरला सुट्या लागून आल्या, बशा तशाच चार-पाच दिवस राहिल्या, आणि उघडून पाहतात तर जंतू वाढलेला. त्याला वाढायला वेळच जास्त लागत होता. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलने १९८४ साली जंतूचे पाणी स्वतः प्यायले व पोटाची सूज ओढवून घेतली. दोघांना २००५ साली नोबेल मिळाले. त्यापूर्वी अल्सर म्हणजे काळजीचा आणि तिखटाचा रोग, असे डॉक्टरही सांगत.

पोटात जंतू असला की पाण्यात अमोनिया वाढतो. याच आधारावर इटलीत एंडोफास्टर नावाचे एक यंत्र निघाले आहे. दुर्बिणीची ओढनळी बाटलीत जाण्याआधी या यंत्रातून जाते, साधारण चमचाभर पाण्यातून ते सामू आणि अमोनिया मोजते, आणि एक-दीड मिनिटात, दुर्बिण अजून पोटात असतानाच, उत्तर देते. सामू ठीक, अमोनिया नाही, तर अस्तर बहुधा निरोगी. आम्ल नाही किंवा अमोनिया चढलेला, तर डॉक्टर त्याच वेळी ठरवतात की इथून तिथून जास्त तुकडे घ्यावेत, अस्तर बारकाईने पाहावे. याच पाण्यातून जंतूचे बीजद्रव्य ओळखून कोणते औषध त्याला लागू पडणार नाही हेही प्रयोगशाळेत काढता येते.

आपल्याकडे रोजच्या वापरात आहे ती याच तत्त्वावरची साधी परीक्षा. चिमट्याने अस्तराचा तिळाएवढा तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या द्रावणात किंवा जेलीत टाकतात. जंतू असला तर अमोनिया होतो आणि पिवळ्याचे गुलाबी होते. खर्च फार नाही. म्हणून दुर्बिण झाल्यावर एवढे विचारायला संकोच करू नये: डॉक्टरसाहेब, जंतूची तपासणी केली का? कागदावर नुसते 'जठराला सूज' असे लिहून आले आणि जंतूचा उल्लेखच नसला, तर काम अर्धे राहिले असे समजावे.

मात्र पाण्याच्या परीक्षेला मर्यादा आहेत. व्रण साधा की कर्करोगाचा हे पाणी सांगू शकत नाही. त्याला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. आणि आम्ल दाबणारी औषधे, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे, चालू असली तर सामू खोटा चढतो आणि जंतूही लपून बसतो. म्हणून अशा गोळ्या तपासणीपूर्वी दोन आठवडे आणि जंतुनाशक औषधे चार आठवडे बंद असावी लागतात. पण हे आपल्या मनाने करू नये. ज्याला व्रणातून रक्त गेले आहे, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नये. आपल्याकडे दुकानातून चिठ्ठीविना या गोळ्या घेऊन लोक महिनोन्महिने खातात, आणि डॉक्टरांनी विचारले तर सांगत नाहीत. ते आधी सांगावे.

उपाशी राहण्याविषयीही सांगतो. साधारण सहा ते आठ तास अन्न नको, दूध-चहाही अन्नच. नुसते पाणी कधीपर्यंत चालेल ते इस्पितळ सांगेल तसे. जुन्या पिढीला मध्यरात्रीपासून उपाशी राहून मिस्साला जाण्याची सवय होती. १९५७ साली तो नियम तीन तासांचा झाला आणि १९६४ पासून एक तासाचा. त्या जुन्या सवयीचा इथे उपयोग होईल. तपासणी पाच-दहा मिनिटांची, घशाला बधिर करणारा फवारा मारून करतात. बधिरपणा उतरेपर्यंत काही पिऊ नये, ठसका लागतो. गुंगीचे इंजेक्शन दिले असेल तर त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये. मानपुरहून जाणाऱ्याने सोबत माणूस न्यावा.

लहान मुलांसाठी या पाण्याचा आणखी एक मोलाचा उपयोग आहे, आणि तो दुर्बिणीशिवायचा. मुलाला क्षयाचा संशय असला तर त्याला बेडका काढता येत नाही. रात्रभर तो गिळतच असतो. म्हणून पहाटे, मुलाने काही खाण्यापूर्वी, बारीक नळीने जठरातले पाणी काढतात आणि त्यात क्षयाचे जंतू शोधतात. पोटातल्या आम्लाने जंतू खराब होऊ नयेत म्हणून त्यात लगेच सोडा घालून आंबटपणा मारतात. पूर्वी जंतू वाढण्याची कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. आता बीजद्रव्य ओळखणारी यंत्रे काही तासांत सांगतात, आणि त्यांतले ट्रूनॅट हे यंत्र आपल्या गोव्यातच तयार होते. दोन आठवड्यांवर खोकला-ताप आहे, मूल वजनाने वाढत नाही, घरात कोणाला क्षय झालेला आहे, तर नळीच्या भीतीने मागे हटू नये. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषध मोफत आहे.

गोठ्यातही हेच शास्त्र

गुरांच्या डॉक्टरांनी पोटातल्या पाण्याची परीक्षा कधी सोडलीच नाही. गाय-म्हैस रवंथ करते तिच्या कोठीपोटातले पाणी नळीने काढून त्याचा रंग, वास आणि सामू पाहतात. निरोगी जनावरात सामू ६ ते ७ असतो. जनावर सुटून गव्हाच्या राशीवर तुटून पडले, पोटभर धान्य खाल्ले, की आत आम्ल होते आणि सामू साडेपाचाच्या खाली जातो. आंबट वास येतो, जनावर बसते, जुलाब होतात, मरतेही. उलट, युरियाची पिशवी फाटून जनावराने युरिया चाटला तर तोच अमोनिया आत होतो आणि सामू आठाकडे चढतो. अंग थरथरते, तोंडाला फेस येतो. पहिल्यात डॉक्टर सोडा देतात, दुसऱ्यात पाण्यात मिसळलेले व्हिनेगर. बाहेरून पोट दोन्हींत फुगलेलेच दिसते, म्हणून कारण न कळता ओतणे धोक्याचे. युरियाची पोती गोठ्यापासून दूर ठेवावीत.

फवारणीचे विष माणसाच्या पोटात गेले तर एक वेगळी सूचना: ओकारी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन ताबडतोब इस्पितळ गाठा. पोट धुवायचे की नाही हे तिथे ठरेल, आणि काढलेले पाणी तपासायला ठेवले जाते.

आहाराविषयी

व्रणाचा रोग देशभर सारखा नाही, हे रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ साली मांडले. दक्षिणेकडे भात खाणाऱ्या भागात तो जास्त, उत्तरेकडे गहू खाणाऱ्यांत कमी. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन इस्पितळात काम केलेले शल्यवैद्य फ्रँक टोवी यांनीही या प्रश्नाचा बरीच वर्षे पाठपुरावा केला, आणि कुळथातल्या स्निग्धांशाने उंदरांच्या जठराला संरक्षण मिळते असे त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर दाखवले. उंदरावरचे ते माणसावर तसेच लागू होईल असे नाही. पण कुळीथ आपल्या हलक्या रानात येतो, खायला वाईट नाही, आणि हल्ली पेरणेच सोडले आहे, म्हणून उल्लेख केला.

तिखटाने जळजळ वाढते, पण जंतू तिखटाने येत नाही. तो बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून, तोंडावाटे येतो. कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या मात्र जंतूविनाही पोटाला भोके पाडतात. उपाशीपोटी रोज गोळी घेऊन कापणीला जाणारे पुष्कळ आहेत. बिडी आणि दारू व्रण बरा होऊ देत नाहीत. संत पौलाने तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास लिहिले होते याचा आधार काही मंडळी देतात. पौलाने महुआची बाटली लिहून दिली नव्हती.

पुढील लक्षणे दिसली तर सोड्यावर राहू नये: डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते डॉक्टरांना सांगावे), रक्ताची उलटी, कारण नसता वजन उतरणे, घास अडकणे, वारंवार उलटी, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटदुखी.

जंतू सापडला तर दोन जंतुनाशके व आम्ल दाबणारे औषध, कधी बिस्मथही, असा बहुधा १४ दिवसांचा क्रम देतात. चार दिवसांत बरे वाटते म्हणून पुष्कळ जण सोडतात, आणि उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो; भारतात मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू आधीच पुष्कळ आहेत. औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला का हे पाहावे लागते. त्यासाठी बहुधा पुन्हा दुर्बिण लागत नाही. युरियाचे पाणी पिऊन पिशवीत फुंकायचे, किंवा शौचाचा नमुना द्यायचा. जठरात व्रण होता त्यांना मात्र तो भरला की नाही हे पाहायला दुर्बिणीने दुसऱ्यांदा जावे लागते, आणि ती तारीख डॉक्टर कागदावर लिहून देतात.